एकाच बेस स्टेशनवर दोन ऑपरेटर: ‘निम्मं-निम्मं’ म्हणजे नेमकं कशाचं निम्मं?

दोन ऑपरेटरांनी मिळून एकच रेडिओ नेटवर्क उभारायचं ठरवलं की खर्चाची वाटणी तशी लवकर जमते. टॉवर, वीज, भाडं, बेस स्टेशन, फायबर या सगळ्याला किंमत असते आणि किंमत भागता येते. अडतं ते पुढे. सेल (बेस स्टेशनच्या सिग्नलचा एक टापू) भरलेला असताना येत्या मिलिसेकंदात कोणाच्या ग्राहकाला जागा द्यायची, हे बेस स्टेशनमधला शेड्युलर ठरवतो. करारातलं ‘समान वाटप’ त्याच्या काही कामाचं नाही, त्याला आकडा लागतो. ब्लॉकांचा (म्हणजे रेडिओच्या जागेच्या छोट्या तुकड्यांचा) आकडा, वेगाचा की ग्राहकांचा?

माझा कल आधीच सांगून टाकतो. हिस्सा कशात मोजायचा हे आधी ठरवा, पद्धत नंतर निवडा. क्रम उलटला की पुरवठादाराच्या सॉफ्टवेअरमध्ये जी सोय असेल तीच ‘न्याय्य’ ठरते, आणि वर्षभराने दोन्ही बाजू आपापले आलेख घेऊन भांडायला बसतात.

पर्याय कोणकोणते

सगळ्यात खालची पायरी म्हणजे नुसता टॉवर, जागा आणि वीज वाटून घेणं. तिथे व्हर्च्युअलायझेशनचा, म्हणजे एकाच यंत्रणेचे प्रत्येकाला स्वतंत्र वाटतील असे आभासी भाग पाडण्याचा, प्रश्नच येत नाही. वाद झालाच तर भाड्याचा किंवा कोणाचा अँटेना किती उंचीवर यावरून होतो. ती पायरी सोडून पुढे जाऊ.

मोरॅन पद्धतीत बेस स्टेशन, रेडिओ युनिट आणि बॅकहॉल (बेस स्टेशनपासून मुख्य नेटवर्कपर्यंतची जोडणी) सामाईक असतं, पण प्रत्येकाचं स्पेक्ट्रम वेगळं राहतं. प्रत्येक ऑपरेटरचा कॅरिअर (रेडिओ लहरींचा पट्टा) त्याचा स्वतःचा, आणि त्यावरून त्याचाच नेटवर्क क्रमांक प्रसारित होतो. एमओसीएनमध्ये स्पेक्ट्रमही एकत्र येतं. एकाच कॅरिअरवरून सगळ्या भागीदारांचे क्रमांक प्रसारित होतात, एलटीईत (४जीत) एका सेलवर ६ पर्यंत आणि ५जीत १२ पर्यंत. फोन त्यातला आपला क्रमांक निवडतो, ग्राहकाला स्क्रीनवर आपल्याच कंपनीचं नाव दिसतं, आणि बेस स्टेशन त्याला त्याच्या कंपनीच्या कोअरकडे (ग्राहक आणि रहदारी सांभाळणाऱ्या मुख्य नेटवर्ककडे) वळवतं. कोअरचाही काही भाग सामाईक करणारा जीडब्ल्यूसीएन नावाचा प्रकार मानकात आहे. त्यात स्वातंत्र्य आणखी कमी होतं आणि न्यायाच्या प्रश्नात नवी भर काही पडत नाही, म्हणून तो या तुलनेत घेत नाही.

त्यावरची पायरी स्लाइसिंगची, म्हणजे एकाच नेटवर्कचे वेगवेगळ्या कामांसाठी आभासी तुकडे (स्लाइस) पाडण्याची. ५जीच्या पहिल्या संचात, म्हणजे थ्रीजीपीपी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या रिलीज १५ मध्ये, ते आलं. स्लाइसच्या ओळखीत ८ बिटांचा प्रकार असतो आणि हवा असल्यास २४ बिटांचा विभेदक. आपल्या दृष्टीने कामाची गोष्ट वेगळीच आहे. रेडिओ बाजूच्या वाटपाचं धोरण ऑपरेटरचा क्रमांक आणि स्लाइस या जोडीवर लावता येतं. म्हणजे स्लाइससाठी केलेलं बटण ऑपरेटरांमधल्या वाटणीलाही चालतं.

शेवटची पायरी पूर्ण व्हर्च्युअलायझेशनची. प्रत्येक भागीदाराला आपला शेड्युलर, आपले नियम आणि खाली एक तटस्थ थर. एनईसीच्या प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी २०१० मध्ये एनव्हीएस नावाच्या रचनेत हे वायमॅक्स या वायरलेस तंत्रज्ञानावर करून दाखवलं. खालचा थर एवढंच ठरवतो की ही फ्रेम कोणत्या स्लाइसला द्यायची. त्या फ्रेममध्ये कोणता ग्राहक घ्यायचा, हे ज्याची स्लाइस तो बघतो. ही दोन पातळ्यांची विभागणी मला आजही या विषयातली सगळ्यात कामाची कल्पना वाटते.

| | मोरॅन | एमओसीएन, कोटा नाही | एमओसीएन + स्लाइस कोटा | स्वतंत्र शेड्युलर |
|---|---|---|---|---|
| स्पेक्ट्रम | वेगळं | सामाईक | सामाईक | सामाईक |
| दुसऱ्याची मोकळी जागा | मिळत नाही | मिळते | मर्यादेत मिळते | खालच्या थरावर अवलंबून |
| गर्दीत संरक्षण | पक्कं | नाही | कोट्याइतकं | कोट्याइतकं |
| स्वतःचे नियम लावण्याची मुभा | बऱ्यापैकी | जवळपास नाही | थोडी | सर्वाधिक |
| चालवायला | सोपं | सोपं | मध्यम | अवघड |

तक्त्यातल्या दुसऱ्या स्तंभाकडे नीट पाहा. कोटा न लावलेलं एमओसीएन दिसायला स्वस्त आणि सुटसुटीत असतं. त्यात शेड्युलर सगळ्या ग्राहकांकडे एकाच ऑपरेटरचे असल्यासारखं बघतो. ज्याचे ग्राहक जास्त, त्याच्याकडे सेल आपोआप झुकतो. खर्च निम्मा-निम्मा आणि वापर ८०-२० अशी अवस्था यायला मग कोणी लबाडी करावी लागत नाही.

ब्लॉक, वेग की माणसं?

खरी मेख इथे आहे, म्हणून एक सेल घेऊन हिशेबच मांडतो.

२० मेगाहर्ट्झचा एलटीई कॅरिअर, म्हणजे १०० रिसोर्स ब्लॉक, प्रत्येक १८० किलोहर्ट्झचा. एका ब्लॉकमध्ये दर मिलिसेकंदाला १२ सबकॅरिअर गुणिले १४ सिम्बॉल, म्हणजे १६८ सिम्बॉल बसतात. हिशेब सोपा राहावा म्हणून कंट्रोल चॅनेल आणि संदर्भ सिग्नल यांचा खर्च बाजूला ठेवू आणि अँटेनाचा एकच थर धरू. ‘अ’ कंपनीचे ग्राहक सेलच्या कडेला आहेत. त्यांचे फोन सीक्यूआय (सिग्नलच्या दर्जाचा आकडा) ५ कळवतात, म्हणजे एका सिम्बॉलमागे ०.८७७ बिट. ‘ब’ कंपनीचे ग्राहक टॉवरच्या जवळ, सीक्यूआय १५ वर, म्हणजे सिम्बॉलमागे ५.५५ बिट.

ब्लॉक समान वाटले, ५० आणि ५०, तर ‘अ’ला ७.४ एमबीपीएस मिळतात आणि ‘ब’ला ४६.७. सेलमधून एकूण ५४ एमबीपीएस जातात.

आता वेग समान करू. त्यासाठी ‘अ’ला ८६ ब्लॉक द्यावे लागतात आणि ‘ब’ला उरतात १४. ‘अ’ला १२.७, ‘ब’ला १३ एमबीपीएस. एकूण २५.७. म्हणजे सेलची निम्म्याहून जास्त क्षमता समानतेपायी गेली.

दोन्ही वाटण्यांना ‘समान’ म्हणता येतं आणि दोन्हींवर तक्रार होणारच. पहिलीत ‘अ’ म्हणेल की पैसे निम्मे भरून आम्हाला सहापट कमी मिळतं. दुसरीत ‘ब’ म्हणेल की तुमचे ग्राहक लांब बसतात, त्याचा दंड आम्ही का भरायचा? वायफायच्या दुनियेत हा दुसरा प्रकार जुना आहे. ११ एमबीपीएसवर चाललेल्या जोडण्यांमध्ये १ एमबीपीएसचा एक फोन आला की सगळेच त्याच्या पातळीला ओढले जातात, कारण तिथे प्रत्येकाला पॅकेट पाठवण्याची संधी सारखी मिळते, पण हळू फोन एका संधीत हवेतला वेळ खूप खातो. २००३ मध्ये संशोधकांनी हे ८०२.११बी वर मोजून दाखवलं. नंतरच्या अनेक राउटरांत पॅकेटांऐवजी एअरटाइम समान वाटण्याची सोय आली ती यावरच उपाय म्हणून.

माझं मत स्पष्ट आहे: ऑपरेटर-ऑपरेटरमध्ये हिस्सा ब्लॉकांत मोजा. आपल्या ब्लॉकांतून ग्राहकांना काय द्यायचं, कडेच्या माणसाला झुकतं माप द्यायचं की जवळच्याला, हे ज्याचं त्याने ठरवावं. त्यामुळे एकाच्या कमकुवत सिग्नलची किंमत दुसऱ्याला मोजावी लागत नाही. शिवाय ‘अ’ला कडेचे ग्राहक सांभाळायचे असतील तर नवीन साइट मागायला त्याला कारणही उरतं. वेग समान ठेवला तर ते कारणच संपतं, बिल ‘ब’च्या नावावर फाटत राहतं.

अपवाद एकच मानतो. घाऊक नेटवर्क चालवणारा कोणी आभासी (स्वतःचं रेडिओ नेटवर्क नसलेल्या) ऑपरेटरला किंवा एखाद्या कारखान्याला ठरावीक एमबीपीएस विकत असेल तर मोजमाप वेगातच होणार. एनव्हीएसमध्ये दोन्ही प्रकारच्या स्लाइस शेजारी-शेजारी चालवण्याची तरतूद होती. पण एक लक्षात ठेवा. वेगाची हमी देणारा रेडिओची जोखीम स्वतःच्या अंगावर घेतो. त्या गिऱ्हाइकाची यंत्रं उद्या तळघरात हलली तर त्याच एमबीपीएससाठी कितीतरी जास्त ब्लॉक जाणार, आणि ते येणार बाकीच्यांच्या वाट्यातून. अशा हमीला ब्लॉकांची कमाल मर्यादा जोडलेली नसेल तर सही करू नका.

तिसरं मोजमाप माणसांचं. सक्रिय ग्राहकांच्या प्रमाणात वाटणी ऐकायला लोकाभिमुख वाटते. पण ज्याने स्वस्त अमर्याद प्लॅन विकून गर्दी जमवली त्याला भागीदाराच्या गुंतवणुकीतून बक्षीस मिळतं. उलट बाजूही मान्य करायला हवी. ८० आणि २० ग्राहक असताना ब्लॉक निम्मे-निम्मे वाटले तर एकाच टॉवरखाली, सारख्याच सिग्नलवर उभ्या असलेल्या दोघांत चौपट फरक पडतो, आणि तोही केवळ सिम वेगळं म्हणून. मला हा फरक खुपत नाही. जास्त ग्राहक घेणाऱ्याने जास्त हिस्सा विकत घ्यावा. नियामकाच्या खुर्चीत बसलेल्याला मात्र तो खुपू शकतो.

कोटा किती कडक ठेवायचा

५जीच्या व्यवस्थापन मानकात प्रत्येक गटासाठी (ऑपरेटर-स्लाइसच्या जोड्यांसाठी) तीन टक्केवारी असतात: समर्पित, किमान आणि कमाल. समर्पित भाग रिकामा पडून राहिला तरी दुसऱ्याला मिळत नाही. किमानमधला उरलेला भाग मालकाला हवा तेव्हा प्राधान्याने मिळतो, पण तो वापरत नसेल तर इतरांना उधार जातो. कमाल म्हणजे वरची भिंत.

वाटाघाटीत समर्पित भाग फुगवण्याकडे कल असतो. भीती अशी की ‘आपली जागा दुसऱ्याने एकदा घेतली की परत कधी मिळणार?’ साध्या डेटासाठी ही भीती फारशी खरी नाही. एलटीईत शेड्युलर दर मिलिसेकंदाला नव्याने वाटप करतो, ५जीत ३० किलोहर्ट्झ अंतराच्या सबकॅरिअरवर दर अर्ध्या मिलिसेकंदाला. उधार दिलेला ब्लॉक पुढच्या स्लॉटमध्ये परत मागता येतो. धोका आहे तो हमीच्या बेअररचा, म्हणजे ठरावीक वेगाची खात्री दिलेल्या जोडणीचा. ‘ब’ने ‘अ’च्या मोकळ्या जागेच्या भरवशावर व्हॉइस कॉल किंवा हमीच्या वेगाच्या जोडण्या दाखल करून घेतल्या, तर ‘अ’ परत आला म्हणून त्या तोडता येत नाहीत. म्हणून प्रवेश देताना हमीचा सगळा भार स्वतःच्या किमान हिश्श्यात बसतो की नाही हेच तपासलं जावं. उधारीची जागा फक्त बेहमी रहदारीला. कराराच्या मसुद्यात हे एक वाक्य असेल तर समर्पित भाग शून्याच्या जवळ ठेवला तरी चालतो. दोन बरोबरीचे भागीदार असतील तर किमान ४५-४५ किंवा अगदी ५०-५० आणि कमाल १००-१०० इथून मी सुरुवात करेन.

कमाल १०० वर ठेवण्याला एक आक्षेप येतो. शेजारी झोपलेला असताना आपल्या ग्राहकाला जास्त वेग मिळतो, त्याला त्याची सवय लागते, आणि शेजारी जागा झाला की तक्रारी सुरू. आक्षेप खरा आहे, पण त्यासाठी मोकळे ब्लॉक हवेत वाया घालवणं मला पटत नाही.

आता सगळ्या जागी मिळून एक हिस्सा ठेवायचा की प्रत्येक सेलमध्ये वेगळा? ‘अ’चे ग्राहक एका स्टेडियममध्ये दाटले आहेत, ‘ब’चे उपनगरांत पसरले आहेत. दर सेलला ५०-५० किमान लावलं की स्टेडियममधल्या ‘ब’च्या मूठभर ग्राहकांना चैन आणि ‘अ’चे हजारो रांगेत. संशोधनात यावर एक सुबक उत्तर आहे. प्रत्येक ऑपरेटरला पूर्ण नेटवर्कमधला एक हिस्सा द्यायचा, तो त्याच्या सक्रिय ग्राहकांत वाटायचा, आणि प्रत्येक सेलने हजर असलेल्या वजनांच्या प्रमाणात ब्लॉक द्यायचे. कागदावर छान दिसतं. प्रत्यक्षात ज्याचे ग्राहक सगळीकडे पातळ पसरलेत, तो गर्दीच्या सेलमध्ये पार दबून जातो. म्हणून पूर्ण नेटवर्कचं वजन आणि त्याखाली दर सेलला एक छोटा किमान आधार, अशी मिसळ मला व्यवहार्य वाटते. भागीदारांचा एकमेकांवर विश्वास कमी असेल तर दर सेलचा साधा कोटाच बरा. तो निदान तपासता येतो.

ब्लॉक पुरले तरी सेल अडतो

करारात फक्त रिसोर्स ब्लॉक लिहिले असतील तर एक दरवाजा उघडा राहतो. समजा ‘ब’ने लाखभर वीज मीटर जोडले. प्रत्येक मीटर मधूनच काही बाइट पाठवतो. त्यांना डेटाचे ब्लॉक जेमतेम लागतात, पण दरवेळी कंट्रोल चॅनेलवर परवानगीचा निरोप द्यावा लागतो आणि सुरुवातीला रँडम ॲक्सेसची, म्हणजे पहिल्या संपर्काची, दारं ठोठवावी लागतात. अहवालात ‘ब’चा वापर १० टक्के दिसेल, आणि तिकडे ‘अ’च्या ग्राहकाचे ब्लॉक मोकळे असूनही त्याला निरोप द्यायला कंट्रोल चॅनेलमध्ये जागा नसेल.

व्हर्च्युअलाइज्ड रॅनमध्ये, म्हणजे बेस स्टेशनचं काम सर्व्हरवरच्या सॉफ्टवेअरने चालतं अशा रेडिओ नेटवर्कमध्ये, प्रोसेसरचंही तेच. डिकोडिंगचं काम सर्व्हरवर चालतं आणि त्याचा भार नुसत्या ब्लॉकांच्या संख्येवर ठरत नाही, मॉड्युलेशन आणि पुन्हा पाठवण्यांवरही ठरतो. बॅकहॉल हे तिसरं कुंपण. बर्कलीच्या संशोधकांनी २०११ मध्ये डेटा सेंटरसाठी ‘डॉमिनंट रिसोर्स फेअरनेस’ मांडलं. ज्याला जे साधन सर्वाधिक लागतं, त्या साधनातला त्याचा वाटा बघायचा आणि हे वाटे समान करायचे. बेस स्टेशनवर ते तंतोतंत राबवा असं मी म्हणणार नाही, दर स्लॉटला एवढं गणित परवडत नाही. पण ब्लॉक, कंट्रोल चॅनेल, प्रोसेसर आणि बॅकहॉल या चारही ठिकाणचा वापर ऑपरेटरनिहाय मोजला जातोय ना, हे विचारा. पुरवठादार ‘तेवढे काउंटर वेगळे निघत नाहीत’ म्हणाला तर कोटा आहे असं समजूच नका.

मोजण्याच्या कालावधीवरही नजर ठेवा. काउंटर साधारणपणे १५ मिनिटांची सरासरी देतात. त्या १५ मिनिटांत सलग दोन मिनिटं कोणी उपाशी राहिला आणि नंतर भरपाई झाली, तर सरासरी निर्मळ दिसते आणि व्हिडिओ कॉल मात्र तुटलेला असतो.

बाहेर काय घडलं

चीनमध्ये चायना टेलिकॉम आणि चायना युनिकॉम यांनी सप्टेंबर २०१९ मध्ये ५जी रेडिओ नेटवर्क एकत्र उभारायचा करार केला. एकाकडे ३.४ ते ३.५ गिगाहर्ट्झ, दुसऱ्याकडे ३.५ ते ३.६, म्हणजे पट्टे शेजारी-शेजारी. कोअर दोघांनी वेगळे ठेवले आणि बांधकामाचे प्रदेश वाटून घेतले. ताकदीने जवळपास बरोबरीचे आणि स्पेक्ट्रम लागून असलेले भागीदार मिळाले तर एमओसीएनकडे जाणं किती सोपं होतं, ते इथे दिसतं.

चेकियात टी-मोबाइल आणि ओटू यांनी देश पूर्व-पश्चिम वाटून घेतला होता, प्राग आणि ब्रनो ही मोठी शहरं वगळून. युरोपीय आयोगाचा आक्षेप वाटपाच्या टक्क्यांवर नव्हता. एकाला आपल्या ग्राहकांसाठी नेटवर्क सुधारायचं असेल तर त्याला ते परवडेल का आणि भागीदारांमध्ये जाणारी माहिती किती, यावर होता. २०२२ मध्ये कंपन्यांनी दिलेल्या वचनांवर ते प्रकरण मिटलं. शेड्युलर कितीही न्यायी असला तरी एकट्याने क्षमता वाढवण्याची वाट करारात नसेल तर अन्याय दुसऱ्या दाराने येतो.

तिसरा नमुना एकाच घाऊक नेटवर्कचा. मेक्सिकोत ७०० मेगाहर्ट्झमधलं ९० मेगाहर्ट्झ स्पेक्ट्रम घेऊन आल्तान रेदेसने २०१८ मध्ये सेवा सुरू केली. २०२१ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि पुढच्या वर्षी सरकारने बहुसंख्य हिस्सा घेतला. मलेशियाने २०२१ मध्ये ५जीसाठी डिजिटल नासिओनल बरहाद हे एकच नेटवर्क नेमलं, आणि २०२३ मध्ये दुसऱ्या नेटवर्कला वाट मोकळी करायचं ठरवलं. तटस्थ मालक असला की वाटपाचा वाद कमी होतो हे खरं, पण त्या मालकाचा धंदा चालेल का हा वेगळाच प्रश्न आहे आणि कोणताही शेड्युलर तो सोडवत नाही.

मग घ्यायचं काय

दोन तुल्यबळ प्रतिस्पर्धी, प्रत्येकाकडे भरपूर स्पेक्ट्रम, दाट शहर: मोरॅन. मोकळी जागा वाया जाते, पण भांडण जवळपास संपतं.

विरळ वस्ती, कमी रहदारी, लांब-लांब साइट: एमओसीएन. इथे सेल क्वचितच भरतो, त्यामुळे कोट्यावर फार घाम गाळू नका. किमान टक्केवारी लावून ठेवा, ती बहुधा झोपलेलीच राहील.

मध्यम गर्दीचं शहर आणि असमान भागीदार: एमओसीएन आणि ब्लॉकांतला लवचीक कोटा. निर्णय इथेच सगळ्यात कठीण असतो आणि वरचा सगळा हिशेब मुख्यतः या वाचकासाठी आहे. विमानतळ, मोठी इमारत, स्टेडियम यांचा तटस्थ मालकही याच रांगेत येतो. त्याने फक्त दर सेलचा किमान आधार जरा मोठा ठेवावा.

स्वतंत्र शेड्युलरच्या वाटेला सध्या मी कोणा लहान ऑपरेटरला पाठवणार नाही. ओपन रॅनमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या पुरवठादारांचे भाग जोडता येणाऱ्या रेडिओ नेटवर्कमध्ये, रिक नावाच्या नियंत्रकातून हळू पातळीवरची धोरणं लावता येतात. त्याचं जलद रूप १० मिलिसेकंद ते १ सेकंद या टप्प्यात काम करतं. कोट्याचे आकडे बदलायला तेवढं पुरतं. दर स्लॉटचा निर्णय मात्र बेस स्टेशनमध्येच होतो, आणि तिथे दुसऱ्याचं सॉफ्टवेअर घुसवायचं तर बिघाड कोणाचा हे शोधण्यातच दिवस जातात.

सही करण्याआधी एक चाचणी मात्र मागाच. एकच सेल घ्या. ‘अ’कडून सेल पूर्ण भरेल एवढी रहदारी सोडा, ‘ब’ गप्प. मग ‘ब’ला अचानक सुरू करा आणि तो आपल्या किमान ब्लॉकांपर्यंत किती मिलिसेकंदांत पोचतो ते मोजा. हेच उलट करून पाहा. मग ‘ब’च्या जागी हजारो छोटी पॅकेटं पाठवणारी यंत्रं धरून पुन्हा करा आणि ‘अ’चा वेग किती पडतो ते बघा. मोजमाप काउंटरवरून न घेता शेड्युलरच्या दर स्लॉटच्या नोंदीवरून घ्या, आणि त्या नोंदी दोन्ही भागीदारांना कधीही मागता येतील हे करारातच लिहून घ्या.